मादी : अज्ञात

नर. लांबी सात मिलिमीटर. रंग काळपट तपकिरी.
मानेमागच्या ढालीवर फिकट रेघ, मधोमध तुटलेली.
पंख आखूड, पोटाच्या चौथ्या वळ्यापर्यंत,
उडण्याच्या कामाचे नाहीत.
इथे मक्वला थांबते, शेवटची ओळ खोडते.
वर्णनात मत चालत नाही.
‘उडताना आढळला नाही’, एवढंच लिहिते.

तिबिलिसीत, संग्रहालयाच्या तिसऱ्या मजल्यावर
हीटर बंद पडलाय मंगळवारपासून.
सूक्ष्मदर्शकाखाली, स्पिरिटमध्ये, तो आडवा,
शेपटाकडचा आकडा वर वळलेला.
त्या आकड्यावरूनच कळतं की हा निराळा,
आजवर कुणी कागदावर न घेतलेला.
दगडमाशी म्हणायचं, पण ही माशी नव्हे.
दगडाचं म्हणाल तर दोन वर्षं त्याच्याखाली, गार पाण्यात,
आणि वर आल्यावर जेमतेम तीन आठवडे.

सापडला कुठे, याला रकाने आहेत:
स्थळ, उंची, तारीख, संग्राहक.
लामाराला रकाना नाही.
राचाच्या डोंगरात, ओनीच्या वर, पाणी मोजायच्या चौकीवर
एकतीस वर्षं, रोज सकाळी आठला,
ती पट्टी वाचायची, ओढ्यात थर्मामीटर धरायची,
बोटं काखेत घालून ऊब आणायची, मग आकडा लिहायची.
सरकार बदललं, पगाराच्या नोटा बदलल्या,
एक हिवाळा तर पगारच आला नाही.
वहीत त्या हिवाळ्याचेही नव्वद आकडे आहेत.
आणि शेऱ्याच्या जागी, दर फेब्रुवारीत, एकदा:
‘बर्फावर काळे किडे. चालतात.’
एकतीस वेळा ‘चालतात’.

ती वही वाचून मक्वला गेली.
जुंबेरची जीप पुलापाशी रुतली, पुढे पायी.
पाणी तीन अंश. दिवसभरात किडा एकच.

त्या रात्री लामाराच्या स्वयंपाकघरात
कागदी पेल्यात ठेवलेला तो
पोट आपटू लागला तळावर.
सहा ठोके. श्वासभर थांबून दोन.
पुन्हा सहा. दोन.
जुंबेरच्या दोन घोरण्यांच्या मध्ये तेवढं ऐकू यायचं.
लामाराने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, तडतडू नये म्हणून.
दोघी जिवाचा कान करून.
यांच्यात नर विचारतो, मादी उत्तर देते,
हे मक्वलाने वाचलेलं, लामाराला न वाचता कळलेलं.
‘अगं, दे की त्याला उत्तर,’ ती म्हणाली.

मक्वलाने पेल्याच्या कडेवर नखाने वाजवलं. चार.
तो धावला.
थेट नखाकडे.
थांबला. सहा, दोन.
तिचे चार.
तो आणखी जवळ.

सकाळी
ऐंशी टक्के अल्कोहोल.

नाव ठेवायचं राहिलंय.
नाव ठेवण्याचे आपल्याकडे दोन अर्थ, लॅटिनमध्ये एकच;
षष्ठी मात्र तिथेही आहे, चा-ची-चे सारखीच.
लामारे. म्हणजे लामाराचा.
फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘चावतो का?’
‘नाही. मोठेपणी धड खातसुद्धा नाही.’
‘मग चालेल.’
मागे पाण्याचा आवाज येत होता. चौकी बंद होऊन चार वर्षं झाली,
आठ वाजले होते.

परीक्षकाने विचारलंय: ठोक्यांची नोंद कोणत्या यंत्राने?
मक्वला लिहिते: यंत्र नव्हते. ऐकणाऱ्या दोघी.
खोडते.
‘नोंद केली नाही’ असं लिहिते, जे खोटं नाही.

मग आकृती चार, आकडा, बाजूने.
आकृती पाच, आकडा, वरून.
पिल्लू : अज्ञात.
मादी : अज्ञात.

हे ती खोडत नाही.
त्याचं, त्या पेल्यात, शेवटपर्यंत
असं मत नव्हतं.